बुडालेल्या खाणीचा देखणा कागद

माझ्या टेबलावर एक शेअर सर्टिफिकेट आहे. आडवे, वहीच्या पानापेक्षा जरा मोठे. चारी बाजूंनी केशरी रंगाची किनार, इतक्या बारीक जाळीकामाची की पैठणीच्या काठासारखी नजर तिथेच अडकते. वर मधोमध चित्र आहे: भुयारात तीन खाणकामगार, एकाने पहार खडकाला टेकवून धरली आहे, दोघांनी घण उचललेत, आणि भिंतीच्या कपारीत खोचलेली मेणबत्ती जळते आहे. खाली डाव्या कोपऱ्यात सोनेरी कागदी चकतीवर कंपनीचा उठावाचा शिक्का. मधल्या ओळींत वळणदार अक्षरात शाईने भरलेले: ५०० शेअर, ओहायो राज्यातल्या एका बाईंच्या नावे, फेब्रुवारी १९०७, मुक्काम गोल्डफील्ड, नेव्हाडा.

त्या खाणीतून विकण्याजोगे सोने कधी निघाले नाही. कंपनी केव्हाच गुंडाळली गेली. आज मात्र असा कागद घ्यायला लोक डॉलर मोजतात.

जुनी शेअर सर्टिफिकेट आणि रोखे जमवण्याच्या या छंदाला स्क्रिपोफिली म्हणतात. टपाल तिकिटे आणि नाण्यांच्या मानाने छंद तरुण आहे. इंटरनॅशनल बाँड अँड शेअर सोसायटी ही त्यातली मोठी संघटना १९७८ची. रेल्वे, बँका, जहाज कंपन्या असे त्यात कितीतरी कप्पे आहेत. सोन्याच्या झुंबडीतल्या खाण कंपन्यांचा कप्पा मला सगळ्यात जवळचा, कारण इथे कागद जितका देखणा तितकी खाण पोकळ असण्याची शक्यता जास्त. नुसते चित्र पाहून कागद घेणारे पुष्कळ आहेत. पण तो वाचता आला तर एकाच पानावर अख्खा व्यवहार दिसतो: कोणी पैसे उभे केले, कसे केले, आणि कोण अडकले.

आधी एक साधा प्रश्न. सोने शोधायला कंपनी हवीच कशाला?

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात कोलोमा इथे, जॉन सटरच्या लाकूड गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले, तेव्हा ती नकोच होती. सोने नदीच्या वाळूत होते. पसरट तवा, फावडे आणि दिवसभर गार पाण्यात ओणवे उभे राहायची तयारी, एवढ्यावर काम भागे. आपल्याकडे सराफ कट्ट्यावरची माती धुऊन सोन्याची कणी काढणारे झारेकरी जे करतात तेच हे तंत्र. सोने जड, ते तळाशी बसते, माती वाहून जाते. पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख माणसे कॅलिफोर्नियात येऊन थडकली आणि वरवरचे सोने भराभर संपले. उरले ते डोंगराच्या पोटात, गारगोटीच्या शिरांमध्ये. तिथे पोचायला शेकडो फूट खाली उतरायचे, पाणी उपसायचे, छत लाकडांनी तोलून धरायचे, दगड कुटायचे. हे तवा घेऊन आलेल्या माणसाचे काम नव्हे. त्याला भांडवल लागते, आणि भांडवल लांबच्या माणसांकडून गोळा करायचे तर त्यांच्या हातात काहीतरी द्यावे लागते. ते काहीतरी म्हणजे हा कागद.

खाणींच्या शेअरचा खरा धुमाकूळ सुरू झाला तो १८५९ मध्ये, नेव्हाडातल्या कॉमस्टॉक शिरेवर. तिथे किमतीने चांदी जास्त होती, पण सोनेही भरपूर होते. डोंगरावर व्हर्जिनिया सिटी हे गाव उभे राहिले. सुरुवातीला तिथे मालकी शेअरमध्ये नाही तर फुटांत मोजत. शिरेच्या लांबीवर हक्क सांगायचा, म्हणून वाटणीही लांबीची. "अमक्या खाणीत माझे वीस फूट आहेत," असे लोक बोलत. मार्क ट्वेन तेव्हा त्या गावात बातमीदार होता. नव्या खाणीबद्दल चार बरी वाक्ये छापून यावीत म्हणून खाणवाले बातमीदारांना असे फूट भेट देत, हे त्यानेच पुढे मजेने लिहून ठेवले आहे. लिफाफ्याची पद्धत बरीच जुनी दिसते. हळूहळू फुटांचे तुकडे पाडून शेअर झाले, आणि १८६२ मध्ये त्यांच्या खरेदी-विक्रीसाठी सॅन फ्रान्सिस्कोत शेअर बाजारच उघडला.

त्या काळातले कॉमस्टॉकचे कागद हाती आले की दोन गोष्टी खटकतात. पहिली, मालकाच्या नावापुढे पुष्कळदा ‘ट्रस्टी’ लिहिलेले असते. हा कुठला धर्मादाय ट्रस्ट नव्हे. दलालाने शेअर आपल्या नावावर ठेवायचे, मागे सही करून द्यायची, आणि तोच कागद हातोहात फिरायचा. खरा मालक कोण, हे कंपनीच्या वहीत कधी चढतच नसे.

दुसरी गोष्ट समजायला वेळ लागतो, पण सगळी गोम तिथेच आहे. ती म्हणजे अॅसेसमेंट. अंशतः भरणा झालेला शेअर आपल्याला माहीत असतो: शंभरातले चाळीस आज भरा, बाकीचे कंपनी मागेल तेव्हा. त्याला निदान शंभराची मर्यादा असते. कॉमस्टॉकच्या खाणींना तीही नव्हती. पैसे संपले की संचालक ठराव करत, प्रत्येक शेअरमागे इतके डॉलर भरा. भरले नाहीत तर वर्तमानपत्रात नोटीस आणि तुमच्या शेअरचा लिलाव. खाणीत काही सापडो न सापडो, तगादा चालू. लोक त्याला चेष्टेने ‘आयरिश डिव्हिडंड’ म्हणत, म्हणजे उलटा लाभांश, खिशातून जाणारा. आतली बातमी ठाऊक असलेल्यांना हे हत्यारच सापडले होते. लागोपाठ दोन-तीन मागण्या लावायच्या, दमलेले लोक शेअर टाकून देतात, मग ते स्वस्तात उचलायचे. कॉमस्टॉकवर घेतलेल्या मागण्यांपेक्षा जास्त लाभांश देणाऱ्या खाणी अगदी मोजक्या निघाल्या. या मागण्यांच्या छापील पावत्याही आता लोक जमवतात, आणि त्या सर्टिफिकेटपेक्षा स्वस्त मिळतात. मला त्या जास्त बोलक्या वाटतात.

हे एकदा कळले की माझ्या टेबलावरच्या गोल्डफील्डच्या कागदावरची ठळक ओळ नीट वाचता येते. तिचा अर्थ: या शेअरची किंमत पूर्ण भरलेली आहे, यावर पुन्हा पैसे मागितले जाणार नाहीत. कॉमस्टॉकवर हात पोळलेल्या पिढीला गिऱ्हाईक करायचे म्हणून ती ओळ एवढ्या मोठ्या अक्षरात आली. जाहिरातच ती.

काही जुन्या कागदांवर तिकीट चिकटवलेले असते, बहुधा पंचवीस सेंटचे, आणि त्यावर शाईने तारीख घालून ते रद्द केलेले. हा अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा खर्च भागवायला १८६२ मध्ये बसवलेला मुद्रांक कर. तो १८७२ पर्यंत चालला आणि स्पेनशी युद्ध झाले तेव्हा १८९८ मध्ये पुन्हा आला, १९०२ पर्यंत. म्हणून तिकीट हा तारीख पडताळायचा चांगला पुरावा. कागदावर १८८५ साल आणि शेजारी यादवी युद्धाच्या काळातले कर तिकीट असेल, तर कोणीतरी नंतर हौसेने चिकटवले आहे असे समजावे. गंमत म्हणजे याच युद्धाने इकडे मुंबईलाही वेड लावले होते. अमेरिकेचा कापूस बंद झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि दलाल प्रेमचंद रायचंद व समुद्रात भराव घालू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरचा तो प्रसिद्ध फुगा १८६५ मध्ये फुटला. म्हणजे एकाच युद्धामुळे तिकडे शेअरवर तिकीट लागत होते आणि इकडे नुसत्या भरावाच्या बेतावर शेअर खपत होते.

सहीसाठी कागद घेणारे वेगळे. कॉमस्टॉकच्या बाबतीत मी एकच नाव सांगेन: अॅडॉल्फ सुत्रो. खाणी खोल गेल्या तसे तळाला गरम पाणी आणि गुदमरवणारी हवा. सुत्रोची कल्पना अशी की वरून पाणी उपसत बसण्यापेक्षा डोंगराच्या पायथ्याकडून जवळपास चार मैलांचा बोगदा खणावा. पाणी आपोआप बाहेर येईल, हवा खेळेल आणि खनिजही खालून काढता येईल. बँक ऑफ कॅलिफोर्निया आणि तिचा कर्ताधर्ता विल्यम राल्स्टन यांचा याला विरोध, कारण खाणी, गिरण्या, वाहतूक सगळे त्यांच्या मुठीत होते. एप्रिल १८६९ मध्ये यलो जॅकेट खाणीत आग लागून निदान ३५ माणसे गेली. बोगदा असता तर ती निसटली असती, असे सांगत सुत्रो गावोगाव फिरला आणि कामगार त्याच्या बाजूला वळले. त्याच वर्षी खणायला सुरुवात झाली. १८७३ मध्ये कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया खाणीत मोठे घबाड लागले, १८७५ च्या आरंभी तिचा शेअर सुमारे ७०० डॉलरवर चढला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राल्स्टनची बँक कोसळली व तो समुद्रात बुडून मेला. बोगदा खाणीला भिडला तो १८७८ मध्ये. तोवर घबाड बरेचसे उपसून झाले होते. सुत्रोने आपले शेअर वेळेत विकले, सॅन फ्रान्सिस्कोत जमिनी घेतल्या आणि पुढे त्या शहराचा महापौर झाला. सुत्रो टनेल कंपनीची सर्टिफिकेट आजही बऱ्यापैकी मिळतात. नवख्याने सुरुवात तिथून करायला हरकत नाही. एका कागदामागे एवढी गोष्ट क्वचित येते.

आता पुन्हा त्या केशरी किनारीकडे. गोल्डफील्डला सोने सापडले १९०२ मध्ये, आणि पाच वर्षांत त्या वाळवंटात हॉटेले, बँका, वर्तमानपत्रे उभी राहिली. काही खाणी अस्सल होत्या. जॉर्ज विंगफील्ड आणि जॉर्ज निक्सन यांनी १९०६ मध्ये त्यातल्या चांगल्या खाणी एकत्र करून गोल्डफील्ड कन्सॉलिडेटेड ही कंपनी केली, तिने सोने काढलेही. पण त्या एका खाणीच्या आसपास, वर, खाली, "त्याच शिरेच्या वाढाव्यावर" म्हणत कितीतरी कंपन्या निघाल्या. त्यांची रीत ठरलेली. दहा लाख शेअर, प्रत्येकी दर्शनी किंमत एक डॉलर. म्हणजे छापताक्षणी कंपनी दहा लाखांची. त्यातला मोठा वाटा प्रवर्तकाने जमिनीच्या हक्काच्या बदल्यात स्वतःकडे ठेवायचा, उरलेला पूर्वेकडच्या राज्यांत टपालाने विकायचा, दहा सेंटला, पंधरा सेंटला. "एक डॉलरचा शेअर दहा सेंटला" ही सवलत वाटते ना? तोच डाव. दर्शनी किमतीचा खाणीतल्या दगडाशी काही संबंध नसे. बाईंनी ५०० शेअरना प्रत्यक्ष किती पैसे दिले, हे कागदावर कुठेही नसते.

कागदाच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते: कंपनी कुठल्या कायद्याखाली नोंदली. खाण नेव्हाडात आणि नोंदणी अॅरिझोना टेरिटरीत, असे पुष्कळदा आढळते. कारण साधे, तिथे नोंदणी स्वस्त आणि चौकशी कमी.

या टपालविक्रीचा बादशहा जॉर्ज ग्रॅहम राइस. खरे नाव जेकब हर्झिग, आधी तुरुंग पाहून आलेला, न्यूयॉर्कमध्ये घोड्यांच्या टिप विकून पैसा केलेला. गोल्डफील्डला त्याने जाहिरात एजन्सी काढली आणि सुलिव्हन ट्रस्ट या कंपनीमार्फत शेअर खपवले. गावाचे नाव देशभर गाजावे म्हणून ३ सप्टेंबर १९०६ रोजी जो गान्स आणि बॅटलिंग नेल्सन यांची मुष्टियुद्धाची लढत तिथे भरवली गेली. तीस हजार डॉलरहून मोठ्या बक्षिसाची सोन्याची नाणी लढतीचा आयोजक टेक्स रिकार्ड याने लोकांना दिसतील अशी खिडकीत मांडून ठेवली. लढत ४२ फेऱ्या चालली. राइसचा डोलारा मात्र १९०७च्या सुरुवातीलाच कोसळला, आणि ऑक्टोबरमध्ये सगळ्या अमेरिकेतच बँकांवर धाव पडली. माझ्या कागदावरचा फेब्रुवारी १९०७ बरोबर या दोन्हींच्या मध्ये येतो. आज गोल्डफील्डमध्ये जेमतेम काही शे माणसे राहतात.

आता भोकांबद्दल. काही सर्टिफिकेटवर सह्यांच्या जागी भोके पाडलेली असतात, किंवा आडवा रद्दचा शिक्का असतो. शेअर विकला की जुना कागद कंपनीकडे परत जाई, तो रद्द करून सर्टिफिकेट बुकातल्या स्थळप्रतीला चिकटवत आणि नव्या मालकाला नवा कागद देत. म्हणून रद्द केलेला कागद सांगतो की हा माणूस सुटला, त्याला कोणीतरी गिऱ्हाईक मिळाले. भोक नसलेला कोराकरकरीत कागद बहुधा सांगतो की तो परत गेलाच नाही. कंपनी मेली तेव्हा शेअर हातातच होता, मग पेटीत, मग नातवंडांच्या माळ्यावर. संग्राहक बिनभोकाचा कागद पसंत करतात, आणि त्याला जास्त पैसे देतात. म्हणजे जो जास्त बुडाला त्याचा कागद जास्त मोलाचा. आपल्याकडे डीमॅट यायच्या आधीची सर्टिफिकेट ज्यांच्या घरच्या ट्रंकेत आहेत त्यांना हे वेगळे समजावायला नको.

छपाई ओळखायला बोट पुरते. अमेरिकन बँक नोट कंपनीसारख्या छापखान्यांतले कागद धातूच्या कोरीव पट्टीवरून छापलेले, त्यामुळे शाई किंचित उठलेली लागते, करकरीत नोटेसारखी. मोठ्या रेल्वे कंपन्या तिथे जात. खाणवाल्यांना तेवढी ऐपतही नसे आणि धीरही नसे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ब्रिटन अँड रेसारख्यांकडे शिळाछापावर काम होई; ते दिसते सुरेख, पण हाताला सपाट लागते. गोल्डफील्डच्या काळापर्यंत तर किनार आणि चित्र आधीच छापलेले तयार कागद मिळू लागले. लग्नपत्रिकेच्या दुकानात अल्बममधून गणपती निवडतो आणि आत फक्त वधू-वराची नावे भरून घेतो, तसेच. माझे ते तीन घणवाले मी निरनिराळ्या चार कंपन्यांच्या कागदांवर पाहिले आहेत. मेणबत्तीसकट.

खोट्याचा धोका आहे, पण वाटतो तिथे नाही. वीस-तीस डॉलरचा साधा कागद खोटा करण्यात कोणाला फायदा नसतो. धोका प्रवाशांसाठी छापलेल्या आठवणीच्या प्रतींचा, ज्या कोणीतरी अजाणता किंवा जाणूनबुजून खऱ्या म्हणून विकतो. माझा पहिला कागद तसाच निघाला. मुद्दाम तपकिरी, चुरगळल्यासारखा. महिन्याभराने तोच क्रमांक, तीच तारीख, तीच सही दुसऱ्या विक्रेत्याकडे दिसली तेव्हा उमगले. प्रत्येक खऱ्या कागदाचा क्रमांक वेगळा असतो, शाई पेनाची असते आणि मागून पाहिले तर कुठेतरी उमटलेली दिसते. उठावाचा शिक्का बोटाला लागतो. नामांकित माणसाची सही असेल तर ती छापलेली आहे का, सचिवाने त्याच्या वतीने केली आहे का, हे पाहिल्याशिवाय जादा पैसे देऊ नयेत. आणि "या कंपनीची वारस कंपनी आज जिवंत आहे, हे शेअर वटतील" असे सांगणारा भेटला तर सरळ काढता पाय घ्यावा.

किंमत ठरते ती टिकलेल्या प्रती, गाव, साल, चित्र आणि सही यांवर. सोन्याच्या आजच्या भावावर अजिबात नाही. कोलोरॅडोतल्या क्रिपल क्रीकला १८९० च्या दशकात शेकड्याने कंपन्या निघाल्या, म्हणून तिथले साधे कागद स्वस्त. १८६०च्या दशकातला, तिकिटासह, फुटांचा उल्लेख असलेला कॉमस्टॉकचा कागद दुर्मीळ, म्हणून महाग.

आपल्या देशाचा धागाही यात आहे. १८७९ ते १८८१ या काळात निलगिरीजवळच्या वायनाडात, देवाळा-पंडलूर भागात, सोन्याच्या आशेने लंडनमध्ये तीसहून जास्त कंपन्या निघाल्या, चाळीस लाख पौंडांहून अधिक भांडवलाच्या. सोने इतके थोडे निघाले की बहुतेक कंपन्या काही वर्षांतच आटोपल्या. त्याच लाटेत १८८० मध्ये निघालेली म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनी मात्र कोलारला तगली. जॉन टेलर अँड सन्स या खाणी चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने तिथे चिकाटीने खणले आणि त्या खाणी २००१ पर्यंत चालल्या. वायनाड किंवा कोलारचा जुना कागद इथे हाती लागला तर एवढे लक्षात ठेवावे: ऐतिहासिक महत्त्वाचा, पंचाहत्तर वर्षांहून जुना दस्तऐवज १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला तो आपल्याला स्वतः पाठवता येत नाही.

जपणूक हा आपल्या हवेत वेगळाच त्रास. मी सुरुवातीला कागद स्टेशनरीच्या दुकानातल्या साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवले. दोन पावसाळ्यांत पाकीट चिकट झाले आणि एका शिक्क्याची सोनेरी चकती त्याला धरून निघून आली. ते पाकीट पीव्हीसीचे होते. पॉलिएस्टरचे पाकीट घ्यावे, मागे आम्लरहित पुठ्ठा, ऊन नको, आणि कसर लागत नाही ना हे अधूनमधून उघडून पाहावे. लॅमिनेशन आणि सेलोटेप तर कधीच नको.

उघडून पाहायचे आणखी एक कारण असते, कागदाची पाठ. तिथे हस्तांतराचा मजकूर छापलेला असतो: मी हे शेअर अमक्याला विकत आहे. माझ्या कागदावर त्या मजकुराखाली ओहायोच्या बाईंची सही आहे, पुढून नाव लिहिले आहे त्यापेक्षा थरथरत्या अक्षरात, आणि तारीख १९०९. घेणाऱ्याच्या नावाची ओळ कोरी आहे.